पोराचं वय विचारणारा न्यायाधीश

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 समितीने मला सांगितलं, वीस मिनिटं बोला आणि धम्मावर बोला. धम्मावर बोलणारे विद्वान माझ्या आधी बोलून गेले. मी गिरणी कामगार माणूस. कायद्याची पुस्तकं वाचली ती वाचनालयाच्या बाकावर बसून, तीही अर्धी समजली नि अर्धी वकिलांना विचारून समजून घेतली. म्हणून आज मी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगणार आहे. तो आपला नव्हता, आपल्या देशाचाही नव्हता. पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता आपल्या नागपुरातूनच निघतो.

वर्धा रोडवर आपल्या मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत आहे. आपण सगळे तिच्या बाजूने जात-येत असतो. २०२३ च्या मार्च महिन्यात त्या भिंतीच्या आतून एक माणूस सुटून बाहेर आला. वय एक्केचाळीस. त्यातली अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगात गेलेली, आणि त्यातली जवळजवळ पंचवीस वर्षं फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन.

प्रकरण साधं नव्हतं, हे मी आधीच सांगतो. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात एका घरात पाच बाया आणि दोन लहान मुलं, अशा सात जणांचे खून झाले. त्यातली एक बाई गरोदर होती. त्या घरच्या माणसांचं दुःख कोणाला मोजता येणार नाही आणि कोणी त्याच्याकडे पाठ फिरवू नये. खटला चालला, १९९८ साली फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, २००० साली सुप्रीम कोर्टानेही कायम केली. कागदोपत्री आरोपी सज्ञान होता. पण राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेत त्याची जन्मतारीख लिहिलेली होती : १ फेब्रुवारी १९८२. शाळेत नाव एक, खटल्यात नाव दुसरं, त्यामुळे ते कागद कोणाच्या हाती लागले नाहीत. ते लागले २०१९ मध्ये. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि २७ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की, गुन्हा घडला त्या दिवशी हा आरोपी साडेबारा वर्षांचा होता.

साडेबारा वर्षं म्हणजे काय? आपल्या वस्तीतला सातवीत जाणारा पोरगा. तेव्हाच्या कायद्याप्रमाणेही सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला फाशी देता येत नव्हती, तुरुंगातही ठेवता येत नव्हतं. तरी तो तिथे होता. पोलीस होते, सरकारी वकील होते, बचावाचे वकील होते, तीन-तीन कोर्टं होती. तो आपल्या शाळेत शिकला ती इमारत गावात उभी होती. तिथे जाऊन रजिस्टर उघडायला कोणी गेलं नाही.

ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. त्याला कारण आहे, ते मी शेवटी सांगीन. तेव्हापासून मी शोधत गेलो की, मुलासाठी कोर्ट वेगळं असावं, आधी त्याचं वय विचारावं, त्याचं घर पाहावं, मग बाकीचं, ही गोष्ट जगात सुरू कुठे झाली. अशा कोर्टाचा पहिला कायदा अमेरिकेतल्या शिकागो शहरात १८९९ साली झाला. पण त्या कोर्टाला माणसाचा चेहरा दिला तो डेन्व्हर नावाच्या गावच्या एका लहानखुऱ्या न्यायाधीशाने. त्याचं नाव बेन लिंडसे.

या माणसाचा जन्म २५ नोव्हेंबर १८६९ चा, टेनेसी राज्यातल्या जॅक्सन गावचा. बाप मोठ्या उमेदीने पुढे डेन्व्हरला आला आणि तिथे कर्जात बुडाला. बेन अठरा वर्षांचा असताना बापाने स्वतःचा जीव घेतला. आई आणि लहान भावंडं याच्या गळ्यात पडली. पहाटे वर्तमानपत्रं टाकायची, दिवसा वकिलाच्या ऑफिसात पोऱ्याचं काम, रात्री इमारतीची झाडलोट, आणि उरलेल्या वेळात कायद्याची पुस्तकं. मित्रांनो, ही दिनचर्या आपल्याला काही परकी नाही. एकोणीस वर्षांचा असताना तोही खचला, आणि बापाच्याच वाटेने जायला निघाला. पिस्तूल कपाळाला लावलं, घोडा ओढला, गोळी सुटली नाही. त्यानंतर तो त्या वाटेला पुन्हा गेला नाही. १८९४ साली तो वकील झाला.

वकिलीच्या सुरुवातीलाच कोर्टाने त्याला दोन गरीब आरोपींचं काम बघायला दिलं. आरोप घरफोडीचा. हा तुरुंगात गेला आणि बघतो तर ते दोन दरोडेखोर म्हणजे दोन लहान पोरं. सराईत गुन्हेगारांच्या मधे बसून पत्ते खेळत होती. आता तिथे त्यांना कोणतं शिक्षण मिळत असेल? सरकारच्या पैशाने चाललेली ती चोरीची शाळा होती, असं माझं मत आहे, आणि तेच लिंडसेचंही मत झालं.

१९०१ साली तो डेन्व्हरचा न्यायाधीश झाला. एके दिवशी दुसरं काहीतरी कंटाळवाणं काम चाललेलं असताना मधेच एक लहानसं प्रकरण आणलं गेलं. एका पोराने रेल्वेच्या रुळांजवळचा कोळसा चोरला होता. पुरावा स्पष्ट, कायदा स्पष्ट. लिंडसेने त्याला सुधारगृहाची शिक्षा दिली आणि पुढचा कागद ओढला. तेवढ्यात कोर्टाच्या मागच्या भागातून एका बाईने हंबरडा फोडला. पोराची आई. डोकं आपटून रडत होती. लिंडसेने नंतर लिहून ठेवलं आहे की, तो आवाज त्याला सहन झाला नाही. त्याने शिक्षा थांबवली आणि त्या रात्री तो स्वतः त्या पोराच्या घरी गेला.

घर कसलं, दोन खोल्या. बाहेर थंडी. बाप धातू वितळवण्याच्या कारखान्यातला कामगार, शिशाच्या विषबाधेने अंथरुणाला खिळलेला. घरात जाळायला काही नव्हतं म्हणून पोराने कोळसा उचलला होता. मी हे वाचलं तेव्हा मला रेल्वे लाइनच्या कडेला कोळशाचे खडे वेचणाऱ्या बाया-पोरी डोळ्यासमोर आल्या. आपल्या पिढीने ते पाहिलेलं आहे.

ती रात्र लिंडसेच्या आयुष्याची वाट बदलणारी ठरली. त्याने कायद्याचं पुस्तक चाळलं, तर १८९९ च्या शाळाविषयक कायद्यात एक कलम सापडलं. त्या कलमाच्या आधाराने मुलाला गुन्हेगार म्हणून उभं न करता कोर्टाच्या देखरेखीखाली ठेवता येत होतं. त्याने सरकारी वकिलांना सांगितलं, मुलांची सगळी प्रकरणं माझ्याकडे पाठवा. नवीन इमारत नाही, नवीन हुद्दा नाही, नवीन पैसा नाही. एक कलम धरलं आणि कोर्ट उभं केलं. आपल्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

त्याच्या कोर्टाची पद्धत बघण्यासारखी होती. उंच मंचावर न बसता तो पोरांच्या शेजारी येऊन बसायचा. देखरेखीखालची पोरं शनिवारी सकाळी शाळेचा रिपोर्ट घेऊन यायची आणि तो एकेकाचा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचायचा, पाठ थोपटायचा, कधी कान उपटायचा. ज्या पोरांना सुधारगृहात पाठवणं भागच होतं, त्यांना तो पोलिसासोबत पाठवत नसे. कागद आणि गाडीभाडं पोराच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, जा, एकटाच जा, मी तुझ्यावर विश्वास टाकला आहे. सुधारगृह दुसऱ्या गावी होतं. पोलीस हसले, म्हणाले, एकही पोचणार नाही. जवळजवळ सगळे पोचले.

तुरुंगात मुलांवर काय-काय अत्याचार होतात हे तो उघडपणे बोलू लागला, तेव्हा पोलीस खात्याचे वरिष्ठ म्हणाले, न्यायाधीश खोटं बोलतो. त्यावर त्याने काय केलं? राज्याचे गव्हर्नर, गावचे महापौर, धर्मगुरू, सगळ्यांना आपल्या दालनात बोलावलं आणि तुरुंगात राहून आलेल्या पोरांना त्यांच्यासमोर उभं केलं. पोरांनी आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. ते ऐकवेना म्हणून काही जण उठून गेले म्हणतात. १९०३ साली मुलांच्या कोर्टाचा कायदा कोलोरॅडो राज्यात झाला.

त्याच सुमाराला त्याने आणखी एक कायदा करून घेतला, आणि धम्माच्या दृष्टीने मला तो सगळ्यात मोठा वाटतो. मुलाला वाईट वाटेला लावणारा जो मोठा माणूस असेल, मग तो दारूवाला असो, चोरीचा माल घेणारा असो की प्रत्यक्ष बाप असो, त्याला गुन्हेगार धरायचं. आपल्याला अंगुलिमालाची कथा माहीत आहे. आपण पोरांना सांगताना बोटांच्या माळेपासून सुरुवात करतो. पण अट्ठकथेत त्याच्या आधीची गोष्ट आहे. त्याचं मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेला शिकायला गेलेला हुशार विद्यार्थी. गुरूचे कान इतर शिष्यांनी भरले आणि गुरूने त्याच्याकडे दक्षिणा मागितली, हजार बोटांची. पोरगा जंगलात गेला तो गुरूच्या तोंडून निघालेल्या शब्दाने. त्या गुरूला पुढे कोणी कोर्टात उभं केल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. राजा पसेनदी फौज घेऊन निघाला तो अंगुलिमालाला पकडायला. तथागतांनी मात्र त्याला समोर बसवलं, भिक्षू केलं, आणि नंतर लोकांनी त्याला दगड मारले तेव्हा सोसायला शिकवलं. लिंडसेला ही कथा माहीत असण्याचं कारण नाही. पण गुरूला पकडणारा कायदा त्याने केला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या वर्षांत लिंडसे हे नाव अमेरिकेत घरोघरी माहीत होतं. त्याच सुमाराला कोलोरॅडोत निराधार आयांना मदत देण्याचा कायदा झाला, त्यातही त्याचा हात होता. कारण त्याला कळून चुकलं होतं की, पोराचं प्रकरण हे बहुतेक वेळा पोटाचं प्रकरण असतं. गावातल्या बड्या कंपन्या आणि पुढारी यांची लबाडी त्याने १९१० साली पुस्तक लिहून बाहेर काढली, तेव्हापासून बडे लोक त्याच्या मागे लागलेच होते.

एकदा तर त्याला स्वतःलाच दंड झाला. एका खुनाच्या खटल्यात आरोपी बाईच्या मुलाने लिंडसेजवळ विश्वासाने काही सांगितलं होतं. मोठ्या कोर्टाने लिंडसेला साक्षीला बोलावलं आणि म्हटलं, मुलगा काय बोलला ते सांगा. हा म्हणाला, सांगणार नाही. मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून माझं कोर्ट चालतं, मीच तो मोडला तर कोर्ट बंद करा. कोर्टाचा अवमान केला म्हणून ५०० डॉलर दंड झाला. वरच्या कोर्टानेही तो कायम केला.

शेवटी त्याची खुर्ची गेली ती गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांमुळे. कू क्लक्स क्लॅन नावाची संघटना आहे, काळ्या लोकांचा, ज्यूंचा, कॅथॉलिकांचा द्वेष करणारी. आपल्याकडचे वर्णवर्चस्ववादी टोप्या बदलतात, ते पांढरे बुरखे घालत, एवढाच फरक. १९२४ च्या सुमारास डेन्व्हरची सत्ता त्यांच्या हातात होती आणि लिंडसे त्यांच्याविरुद्ध उघड बोलत होता. त्या वर्षीच्या निवडणुकीचा वाद कोर्टात गेला आणि १९२७ साली त्याला पद सोडावं लागलं. जाता-जाता त्याने काय केलं असेल? पंचवीस वर्षांत पोरापोरींनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचे सगळे कागद काढले आणि जाळून टाकले, उद्या कोणाच्या हाती पडून त्यांच्या संसाराला आग लागू नये म्हणून. पुढे त्याची वकिलीची सनदही काही वर्षं काढून घेतली होती. तो कॅलिफोर्नियात गेला, १९३४ साली लॉस एंजेलिसला पुन्हा न्यायाधीश म्हणून निवडून आला आणि २६ मार्च १९४३ ला वारला.

आता इथे मी थोडा थांबतो. मी या माणसाचं एवढं गुणगान केलं, पण आंबेडकरी माणसाने कोणाचीही नुसती आरती ओवाळू नये. लिंडसेच्या कोर्टात एक उणीव होती. ते कोर्ट एका चांगल्या माणसाच्या मनावर चालत होतं. वकील नको, जबाब नको, कागदपत्रं नकोत, न्यायाधीश बापासारखा आहे ना, मग झालं. पण बाप सगळेच चांगले असतात काय? खुर्चीवर दुसरा माणूस बसला की तेच कोर्ट पोराच्या गळ्याचा फास होतं. झालंही तसंच. ॲरिझोना राज्यात पंधरा वर्षांच्या एका मुलावर आरोप झाला की, त्याने शेजारच्या बाईला फोनवर घाणेरडं बोललं. मोठ्या माणसाला त्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. या पोराला एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, सुधारशाळेत टाकलं. वकील दिला नाही, तक्रार करणारी बाई कोर्टात आलीसुद्धा नाही. १९६७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, असं चालणार नाही. मुलालाही वकील मिळाला पाहिजे, आरोप काय ते त्याला कळलं पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं ना? मालकाची दया ही मालकाची असते, ती तो केव्हाही परत घेतो. हक्क लिहून घ्यावा लागतो. लिंडसेने दया आणली, ती मोठी गोष्ट होती. दयेचा हक्क व्हायला पुढे साठहून जास्त वर्षं लागली.

आणि आपल्या देशात? आम्हा गिरणीवाल्यांना वयाचा कायदा नवा नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या पोरांना कारखान्यात लावायला बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांच्या वर राबवू नका म्हटलं. म्हणजे आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली तेव्हा तेवढंही बंधन नव्हतं. गुन्ह्याच्या बाबतीत मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली मुलांचा कायदा केला. आपलं नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी, आपल्याकडे १९२८ साली झाला. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली आणि डोंगरीला मुलांचं गृह सुरू झालं. ही डोंगरी म्हणजे जिथे १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना १०१ दिवस कैदेत ठेवलं होतं तीच. तुरुंगाची जागा मुलांच्या गृहाला दिली. भिंती त्याच राहिल्या.

कायदे झाले, पण पोरं तुरुंगातच राहिली. ते जगाच्या वेशीवर टांगलं ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. एकटी बाई. देशभरातल्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची किती मुलं आहेत, याची माहिती मागत त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ते काम चालवलं. १९८६ साली कोर्टाने सांगितलं की, मुलाला तुरुंगात ठेवायचं नाही, जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगात जाऊन मुलं शोधायची, आणि प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा ठेवण्यापेक्षा संसदेने एकच कायदा करावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डोंगरीच्या गृहासंबंधी बारसे यांच्याच दुसऱ्या अर्जावर निकाल देताना कोर्टाने म्हटलं की, मुलांच्या कोर्टातल्या न्यायाधीशाला त्या कामाचं खास शिक्षण हवं. म्हणजे लिंडसेसारखा स्वभाव नसेल तर निदान तसं शिक्षण तरी द्या. १९८६ चा बाल न्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. मग २००० चा आला, त्याने मुलाचं वय मुलींप्रमाणे मुलांसाठीही अठरा केलं. आता २०१५ चा आहे.

आता हिशेब मांडा. पुण्याचा तो साडेबारा वर्षांचा पोरगा पकडला गेला १९९४ साली. १९८६ चा कायदा तेव्हा लागू होता. कायदा होता, पण पोराच्या बाजूने तो कायदा उघडून दाखवणारं कोणी नव्हतं.

याच पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे, कल्याणीनगरला, एका श्रीमंत घरच्या सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघेही मेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळापुढे त्याला जामीन मिळाला, आणि अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिही, असं सांगण्यात आलं. देशभर संताप झाला, जामीन फिरवला, निरीक्षणगृहात ठेवलं, मग महिनाभराने हायकोर्टाने सोडलं. लोक म्हणाले, हा मुलांचा कायदाच रद्द करा. आपल्यातलेही काही जण म्हणाले. मी तेव्हाही म्हटलं आणि आज विहारात उभा राहून म्हणतो, बाप्पाहो, असं म्हणू नका. श्रीमंताच्या पोराला हा कायदा काही तासांत सापडला, कारण घरच्यांच्या हाताशी वकील होते. गरिबाच्या पोराला तोच कायदा सापडायला अठ्ठावीस वर्षं लागली. कायदा रद्द झाला तर श्रीमंताचं काही अडणार नाही, तो दुसरा दरवाजा शोधेल. मरण आपल्या पोरांचं आहे. २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ तपासणी करून त्याला मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवू शकतं. ते कलम दिल्लीच्या २०१२ च्या भयंकर प्रकरणानंतर लोकांच्या रागातून आलं. राग खरा होता, पण ते कलम मला पटत नाही.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं ते कारण सांगतो. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो, नुकताच कार्यकर्ता म्हणून मिरवायला लागलो होतो. आमच्या ओळखीच्या एका घरच्या पोराला चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं. बाप मला घेऊन गेला. साहेबाने विचारलं, वय किती? बाप म्हणाला, "असंल जी अठरा-एकोणीस." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं, मोठा लिहिला तर लवकर जामीन होईल, प्रकरण मिटेल. कायदा मला ठाऊक नव्हता आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटत होती. पोरगं पंधराचं होतं. दाखला घरीच होता, पेटीत. कोणी काढला नाही, मीही मागितला नाही. चार महिने ते मोठ्या माणसांच्या तुरुंगात राहिलं. आत गेलं तेव्हा भुरटं होतं, बाहेर आलं तेव्हा त्याच्याशी बोलायला मला भीती वाटली. पुढे त्याचं काय झालं ते त्याच्या घरच्यांच्या मनाला लागू नये म्हणून मी इथे बोलत नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. काही वर्षांपूर्वी एक बाई रात्री माझ्या दारात आली. बंगल्यांमध्ये धुणी-भांडी करणारी. "भाऊ, माह्या पोराले नेलं जी, मोबाइल चोरला म्हन्ते." मी तिला पहिला प्रश्न विचारला, "बाई, पोराचा शाळेचा दाखला कुठी हाये?" तिला वाटलं असेल, हा माणूस वेडा झाला. पण तिने पत्र्याच्या पेटीतून रेशन कार्डाच्या खालून दाखला काढला. पोरगं आडदांड, मिसरूड फुटलेली, ठाण्यात वय एकोणीस लिहायची तयारी झालेली. दाखल्यावर सोळाही पूर्ण नव्हते. मी दाखला समोर ठेवला. थोडी शब्दाशब्दी झाली, पण तिथल्या एका अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि खाडाखोड न करता बरोबर वय लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोरगं बाल न्याय मंडळापुढे गेलं आणि आईच्या हवाली झालं. आता आय.टी.आय. करून कामाला लागलं आहे. ते आज इथे बसलेलंही असेल, मी बोट दाखवणार नाही.

म्हणून आयाबहिणींनो, एवढं नीट ऐकून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यात एक तरी बाई असते. वकील फुकट मिळतो. त्याचं नाव, फोटो पेपरात छापता येत नाही. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिकेचा जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरकडून हाडांची तपासणी. मुलाचं वय कमी होतं, हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कधीही, शिक्षा झाल्यानंतरसुद्धा मांडता येतो. नागपूरच्या जेलातून तो माणूस याच वाटेने सुटला.

एक अडचण आहे, ती मला माहीत आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जुलै आहे. माझीही तशीच आहे. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आसपासचा. मास्तरांनी नाव घातलं त्या दिवशी अंदाजाने लिहून टाकली. आपल्या पिढीचं झालं ते झालं. पण आता जन्म दवाखान्यात होतात, दाखला मिळतो, तो नेऊन शाळेत तीच तारीख आणि तेच नाव लिहून घ्या. घरी बोलायचं नाव वेगळं आणि शाळेत वेगळं असेल तर दोन्ही लक्षात ठेवा. नावाच्या घोळात एका पोराची अठ्ठावीस वर्षं गेली.

समितीशी मी बोललो आहे. येत्या रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की मी विहारातच बसणार आहे. ज्यांच्या घरी अठराच्या आतली मुलं-मुली आहेत त्यांनी दाखला आणि त्याची एक झेरॉक्स घेऊन यावं. झेरॉक्स विहाराच्या कपाटात फाइल करून ठेवू, किल्ली महिला मंडळाकडे राहील. ज्यांच्याकडे दाखलाच नाही त्यांनी मोकळ्या हाताने या, लाजू नका, कुठे अर्ज करायचा ते मी लिहून देतो.

जयभीम! नमो बुद्धाय!